घरच्या घरी डीजेइंग: सम सापडेपर्यंत

गलबत | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या गावात राहतो, शाळेत गणित शिकवतो. वय ४३. गेली दोन वर्षं घराच्या माळ्यावर डीजेइंग शिकतोय, निव्वळ आवड म्हणून. जवळपास विचारायला कोणी नव्हतं, त्यामुळे साध्यासाध्या गोष्टींत महिनेच्या महिने गेले. ज्यांना शिकायचंय त्यांचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हा धागा.

आपल्याकडे डीजे म्हटलं की टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते. मला लागलेला नाद खोलीत बसून, हळू आवाजातही करता येतो. एक गाणं चालू असताना दुसरं त्यात असं मिसळायचं की नाचणाऱ्याचा पाय अडखळू नये. मूळ काम एवढंच.

माझं ठाम मत आहे की ज्याने लहानपणी भजनात टाळ धरलाय, बाल्या नाचात फेर धरलाय किंवा शिमग्यात पालखीपुढे ढोल बडवलाय, त्याचं निम्मं शिक्षण आधीच झालेलं असतं. हाउस, टेक्नो हे नाचाच्या संगीताचे प्रकार घ्या किंवा लग्नात वाजणारी रीमिक्स घ्या, बहुतेक गाणी चारच्या मोजणीत असतात. चार ठोक्यांचा एक बार, आणि साधारण आठ बार, म्हणजे ३२ ठोके झाले की गाण्यात काहीतरी घडतं. गायक येतो, ढोलकी सुरू होते, नाहीतर बेस निघून जातो. भजनाच्या भाषेत आठ मात्रांच्या केरव्याची चार आवर्तनं. बुवा कडवं संपवून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येतात तेव्हा मागचे कोणी न सांगता उचलतात ना, अगदी तसंच दुसरं गाणं या ३२च्या समेवर सोडायचं. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर ३२ ठोके बरोबर १६ सेकंदांत संपतात. कंट्रोलर, म्हणजे गाणी हाताने मिसळायचं यंत्र, घरी यायच्या आधी तीन आठवडे मी एवढंच केलं: एसटीत खिडकीशी बसायचं, कानात गाणं लावायचं आणि मांडीवर बोटांनी ३२ मोजायचे. ही मोजणी अंगात भिनली नाही तर पुढचं काही जमत नाही.

सामान फार लागत नाही. लॅपटॉप, दोन डेकचा (एकेका गाण्याला एक डेक) छोटा कंट्रोलर आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. कंट्रोलर मी एकाकडून जुना घेतला. सॉफ्टवेअर म्हणून मिक्स्स वापरतो. ते फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. कंट्रोलर घेताना एकच गोष्ट बघा: त्याला आवाजाचे दोन वेगळे मार्ग हवेत, एक स्पीकरला, एक हेडफोनला. लोकांना चालू गाणं ऐकू जातं, तेव्हा पुढचं गाणं फक्त तुमच्या कानात वाजत असतं. हे नसेल तर तो नुसता खेळणं.

आता लय जुळवण्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त तिथेच झगडावं लागलं. सॉफ्टवेअर पडद्यावर दोन्ही गाण्यांची लय आकड्यात दाखवतं आणि सिंकचं बटण दाबलं की जुळवूनही देतं. सुरुवातीचे चार महिने मी तेच दाबत होतो. मग श्रावणातल्या एका रविवारी, बाहेर पाऊस कोसळत होता, मी वहीचा कागद फाडून पडद्यावरच्या आकड्यांवर चिकटवला आणि ठरवलं की आज कानानेच.

पहिलं गाणं स्पीकरवर, दुसरं उजव्या कानात, डावा कान उघडा. दुसरं गाणं समेवर सोडलं. पाचसहा ठोके बरं वाटलं आणि मग दोन्ही ढोल एकमेकांच्या आगेमागे पडायला लागले. लहानपणी आजी आणि काकू एकाच उखळात आळीपाळीने मुसळ घालायच्या. त्यांतली एक जरा चुकली की मुसळावर मुसळ आपटून जो आवाज यायचा, हुबेहूब तो आवाज. दुसरं गाणं पुढे पळतंय की मागे राहतंय, हेच आधी कळेना. जॉग व्हीलला, म्हणजे कंट्रोलरवरच्या चकतीला, बोटाने हलकं मागे ओढलं, जुळलं, पण चार सेकंदांत परत फाटलं. म्हणजे ते पळत होतं. पिच फेडर, म्हणजे लय कमीजास्त करायची सरकपट्टी, केसभर खाली आणला, पुन्हा समेवर सोडलं. असं किती वेळा केलं ते मोजलं नाही, दुपारचा चहा तसाच गार झाला. संध्याकाळी कधीतरी दोन ढोल एक झाले आणि मिनिटभर एकच राहिले. उघड्या कानातलं कुठलं आणि झाकलेल्या कानातलं कुठलं, हे सांगता येईना. अंगावर काटा आला माझ्या.

गणित सांगतो. एक गाणं १२०चं आणि दुसरं १२०.५चं असेल तर मिनिटाभरात अर्ध्या ठोक्याचा फरक पडतो, म्हणजे ढोल बरोबर दोन ढोलांच्या मधोमध. अर्ध्याचा फरक आकड्यात क्षुल्लक दिसतो, कानाला असह्य होतो.

सिंक वापरू नका असं मी म्हणत नाही, आता मीही वापरतो. पण कानाने जुळवता आल्यावरच. कारण सॉफ्टवेअर कधी चुकलं ते कानालाच कळतं.

इथे आणखी कोणी शिकतंय का? प्रश्न असतील तर विचारा.

सुरंगी | रविवार, रात्री १०.५५

दादा, खूप छान लिहिलंत. मी वेंगुर्ल्याची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कंट्रोलर घेण्याएवढे पैसे सध्या नाहीत. फोनवर डीजेचं ॲप घेतलंय आणि ब्लूटूथचा हेडफोन आहे. पण समेवर बटण दाबूनही गाणं नेहमी उशिरा सुरू झाल्यासारखं वाटतं. बोटात दोष आहे की कानात?

गलबत | सोमवार, सकाळी ६.२०

सुरंगीताई, दोष हेडफोनचा. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत पोचायला वेळ लागतो, १५० मिलिसेकंद सहज, अनेकदा जास्तच. १२०च्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, म्हणजे तुम्ही जवळजवळ एकतृतीयांश ठोका मागचं ऐकताय. वायरचा हेडफोन घ्या, साधा चालेल.

फोनवर पुढचं गाणं वेगळं ऐकायचं असेल तर डीजे स्प्लिटर केबल मिळते. ॲपमध्ये स्प्लिटची सोय चालू केली की एका बाजूला स्पीकरचा आवाज, दुसऱ्या बाजूला हेडफोनचा. दोन्ही मोनो होतात, म्हणजे डावं-उजवं वेगळं राहत नाही, पण शिकायला पुष्कळ झालं. आणि ३२ मोजायला तर काहीच लागत नाही. वॉर्डातून घरी येताना मोजा.

बंदरावरचा | सोमवार, दुपारी १.१५

मी मालवणात मंडप आणि साउंडचा धंदा करतो, १९ वर्षं झाली. सरांनी लयीचं सांगितलं, मी आवाजाचं सांगतो. नवीन पोरं तिथेच सामान जाळतात.

प्रत्येक चॅनेलला वर गेनचा नॉब असतो. कुठलं गाणं बारीक भरलेलं असतं, कुठलं जोरात. दोन्ही एका पातळीवर आणायला गेन. मीटर हिरव्यात राहिला पाहिजे, जोराच्या ठोक्याला पिवळ्याला शिवला तर चालतं. लाल पेटला की आवाज वाढत नाही, फाटतो. तो फाटका आवाज टॉपच्या, म्हणजे वरच्या स्पीकरच्या, कॉइलला जाळतो. मागे एका हळदीला आम्ही सेटअप दिला होता. वाजवणाऱ्या पोराने रात्रभर लाल पेटता ठेवला आणि सकाळी आमचे दोन टॉप मुके. आवाज कमी पडतोय असं वाटलं तर साउंडवाल्याला सांगा, मिक्सरवर चढवू नका.

दुसरं, बेस. दोन गाण्यांचे बेस एकत्र वाजले की नुसता घुमा येतो. नवीन गाणं आणताना त्याचा ‘लो’ नॉब, म्हणजे बेसचा, पूर्ण खाली ठेवायचा. समेला जुन्याचा लो खाली, नव्याचा वर, एकाच वेळी दोन्ही हातांनी. हे एक जमलं तर निम्मी गाणी आपोआप सुरेख जोडली जातात.

तिसरं फक्त आपल्या किनारपट्टीसाठी. खारं वारं. माझ्याकडे एकाने वर्षभर वापरलेला कंट्रोलर आणला होता. क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर न्यायची सरकपट्टी) सरकवला की खर्रखर्र, आणि मधेच एक बाजू गायब. उघडला तर फेडरच्या पट्टीवर हिरवट बुरशीसारखा थर आणि स्क्रूंना पांढरी भुकटी. त्याची खोली समुद्रापासून दोनशे पावलांवर, आणि कंट्रोलर खिडकीखाली उघडा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, फेडर पन्नासेक वेळा घासून चालू झाला, पण पट्टी झिजलेली ती झिजलेलीच. काम झालं की पुसा, झाकण घाला, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पुड्या ओल धरून दमतात, त्या बदलायच्या.

गाणी पेनड्राइव्हवर नेणार असाल तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस केलेला पेनड्राइव्ह बरेच प्लेअर वाचतच नाहीत. आणि नेहमी दोन न्या, सारखेच भरलेले.

ओवळीची फुलं | सोमवार, सायंकाळी ७.०५

मी रत्नागिरीत राहते, वय ६८. मुलं नवीन शिकताहेत याचा आनंदच आहे. पण मनापासून सांगते, मला ‘डीजे’ या शब्दाची भीती बसली आहे. आमच्या घरासमोरून मिरवणूक जाते तेव्हा कपाटातली भांडी थरथरतात. ह्यांना पेसमेकर बसवलेला आहे. त्या दिवशी आम्ही मागच्या खोलीत दारं लावून बसतो. शिकणाऱ्यांनी ही बाजूही शिकावी असं वाटतं.

गलबत | सोमवार, रात्री ८.३०

काकू, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. हे मीच आधी लिहायला हवं होतं, आता लिहितो.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र.

शिकणाऱ्याच्या स्वतःच्या कानाचंही गणित आहे. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाजात आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन, असं करत १००ला पंधराच मिनिटं. हेडफोनमध्ये १०० गाठणं अवघड नाही. त्यात एक कान उघडा असल्याने स्पीकरवर मात करायला आपण हेडफोन चढवत जातो. मी सरावाला स्पीकर इतका हळू ठेवतो की खाली पडवीत आईचं हरिपाठाचं पुस्तक वाचून होतं. लय जुळवायला आवाज लागतच नाही. उलट हळू आवाजात ठोक्यांतली फट जास्त स्वच्छ ऐकू येते.

उधाण | मंगळवार, रात्री ११.१०

मी अलिबागकडचा. आमच्या आगरी-कोळी हळदीत रात्रभर कोळीगीतं लागतात. घरच्यांच्याच कार्यक्रमात वाजवायला शिकतोय. अडचण अशी की कोळीगीत टाकलं की सॉफ्टवेअर १६५ दाखवतं, आणि ११०च्या रीमिक्सशी सिंक केलं की सगळं विस्कटतं. हाताने जुळवायला गेलं तरी गाणं मधेच धावतं. माझं काय चुकतंय?

गलबत | बुधवार, सकाळी ६.४५

तुमचं काही चुकत नाही. बरीच कोळीगीतं चारच्या मोजणीत नसतात. ती सहाच्या झोक्यात असतात, आपल्या दादऱ्यासारखी. होडी हेलकावते तसा ठेका: एकवर जोर, चारवर जोर. सॉफ्टवेअर मात्र दोनदोन मात्रांची जोडी करून मोजतं, म्हणून १६५. पाय पडतो तीनतीन मात्रांनी. १६५ला तीनाने भागा, दोनाने गुणा: ११०. तुमचं रीमिक्सही ११०चं! म्हणजे लय जुळलेलीच होती, सिंकने ती मोडली. सिंक बंद करा, पायाच्या ठोक्यावर मोजा आणि एकच्या जोरावर सोडा.

तरी एक अडचण उरते. जोराचे ठोके जुळले तरी मधल्या मात्रा जुळत नाहीत. एका गाण्यात दोन जोरांमध्ये तिघी बसतात, दुसऱ्यात दोघी किंवा चौघी. म्हणून दोन्ही गाणी लांबवर एकत्र चालवू नका. ज्या जागी नुसता ढोल किंवा नुसत्या टाळ्या उरतात, तिथे एखाद्या आवर्तनात पटकन जोडून मोकळे व्हा.

आणि मधेच धावणं. जुनी गाणी माणसांनी वाजवलेली आहेत, यंत्राच्या टिकटिकीवर नव्हे. ढोलकीवाला रंगात आला की लय चढते. सॉफ्टवेअरने पहिल्या मिनिटावरून आखलेली ठोक्यांची जाळी तिसऱ्या मिनिटाला खोटी पडते. त्यावर उपाय कानच. सतत बोट जॉगवर ठेवून त्या ढोलकीवाल्याच्या मागे जायचं. मला तर अशी गाणी जास्त आवडतात, समोर जिवंत माणूस वाजवतोय असं वाटतं.

तिर्फळ | बुधवार, दुपारी ३.३०

सर, माजो झील डबलबारीच्या भजनात पखवाज वाजवता. त्याका ह्यां सगळां वाचून दाखवलंय. समाचा गणित त्याका लगेच कळला. त्याचो एकच प्रश्न: लय वाढवली की बुवाची पट्टी पण चढता काय?

गलबत | बुधवार, सायंकाळी ५.५०

वा, प्रश्न पखवाजवाल्यालाच सुचणार. होय, चढते. जुन्या तबकडीसारखं गाणं नुसतं जोरात फिरवलं तर साधारण ६ टक्क्यांना अर्धा सूर वाढतो. पेटीवरच्या पांढरी एकचं गाणं १२०वरून १२७वर नेलंत की काळी एक झालीच. कंट्रोलरवर मास्टर टेम्पो किंवा की लॉक नावाचं बटण असतं, ते दाबलं की लय बदलते आणि पट्टी तिथेच राहते. फार ताणलं तर मात्र आवाज चिरकतो, म्हणून पाचसहा टक्क्यांच्या आतच बरं.

गाणी निवडताना पट्टी बघितली तर जोड आणखी गोड लागतो. पांढरी एकच्या गाण्यावर पांढरी पाचचं गाणं सहज बसतं, सा आणि प चं नातं. पांढरी एकवर काळी एक टाकून बघायला सांगा मुलाला. का टाकायचं नाही ते त्याला त्याच क्षणी कळेल.

सातेरी | गुरुवार, रात्री ९.२५

धागा आवडला. सावंतवाडीत असतो. नव्वदच्या दशकात गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर पहाटेपर्यंत ऐकत बसायचो, म्हणून थोडं लिहितो.

तिथे वाजवणाऱ्या मंडळींकडे तबकड्या नव्हत्या. ऊन, धूळ, दमट हवा यांत तबकडी वाकते. सुरुवातीला कॅसेट आणि नंतर डॅट टेपवर (डिजिटल कॅसेटवर) वाजवायचे. डॅटच्या यंत्रावर लय हलवायची सोय नसायची, म्हणजे गलबत म्हणतात तशी जुळवाजुळव करताच येत नव्हती. तरी लोक सूर्य वर येईपर्यंत नाचत. सगळी मदार कुठल्या गाण्यानंतर कुठलं, यावर. मध्यरात्री अंधारी, जड गाणी, उजाडायला लागलं की हलकी, सुरेल. एका गाण्याची शेवटची लांबट गुणगुण संपता संपता दुसऱ्याची सुरू व्हायची. दशावतारात पहाटेच्या राजाला भैरवीकडे कसं न्यायचं हे पेटीवाल्याला माहीत असतं, तसलंच हे ज्ञान.

दुसरं टोक न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधलं. ११ ऑगस्ट १९७३ला १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक खोलीत कूल हर्क या डीजेने बहिणीच्या पार्टीत वाजवलं. गाण्यात नुसता ताल उरतो त्या तुकड्यावर लोक सगळ्यात जास्त नाचतात, हे त्याने हेरलं होतं. त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तो तुकडा आलटूनपालटून लांबवायला सुरुवात केली. आज कंट्रोलरवर लूपचं बटण दाबलं की तेच होतं. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे यंत्र आदल्याच वर्षी, १९७२ला आलं होतं. त्याची तबकडी पट्ट्याने न फिरता थेट मोटरवर फिरते, त्यामुळे हाताने धरून सोडली तरी झटकन वेग पकडते. पुढे डीजेंनी तेच डोक्यावर घेतलं.

नवशिक्यांनी रोज लय जुळवाच, पण आठवड्यातून एकदा नुसती दहा गाण्यांची यादी करा. वाजवू नका. कुठलं कोणानंतर आणि का, एवढंच कागदावर लिहा.

बंदरावरचा | गुरुवार, रात्री १०.०२

+१. यादीचं शंभर टक्के. पोरं सगळी हिट गाणी पहिल्या अर्ध्या तासात उडवतात, आणि वऱ्हाड जेवून येतं तेव्हा हातात काही उरत नाही.

सुरंगी | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ११.३०

दादा, वायरचा हेडफोन आणि स्प्लिटर घेतला. तेवीस दिवस रोज अर्धा तास केलं, नाइट ड्यूटीचे चार सोडून. उधाण यांचं वाचून मुद्दाम एक फुगडीचं गाणं घेतलं, गणपतीत आई आणि शेजारच्या बायकांनी अंगणात म्हटलेलं. माझ्याच फोनवर रेकॉर्ड केलंय, त्यात मागे कोंबडाही ओरडतो. ॲप त्याची लय कधी ९७ दाखवतं, कधी १४१. आकडा सोडून दिला, पायांच्या आवाजावर मोजलं. चारच्याच मोजणीत निघालं, फुगडी वेग घेते तशी लय चढत जाते.

खाली नुसता ढोल असलेलं एक हाउसचं गाणं लावलं आणि बायका जसजशा वेग घेतील तसतसा त्याचा पिच फेडर वर सरकवत गेले. दोनदा फाटलं. तिसऱ्या वेळी शेवटपर्यंत एकत्र राहिलं. शेवटी बायका धापा टाकत हसतात ना, तिथे ढोल काढून घेतला आणि नुसतं हसू ठेवलं.

आईला ऐकवलं. तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला होता. परत लाव म्हणाली.

एक विचारायचं होतं: हे रेकॉर्ड करून ठेवताना मीटर कुठपर्यंत ठेवू?

बंदरावरचा | रविवार, सकाळी ७.१०

हिरव्यात. हसण्याच्या जागी वर चढवायचा मोह होईल, चढवू नकोस. झालं की इथे टाक गो, आम्हाला ऐकायचंय.